कानो जिगोरो

कानो जिगोरो (१० डिसेंबर १८६० – ४ मे १९३८) हे जपानी शिक्षणतज्ज्ञ, क्रीडासंघटक आणि ज्यूदो या क्रीडाप्रकाराचे जनक होते. जपानी प्रथेनुसार त्यांच्या नावात कानो हे आडनाव आधी येते. जपानमधील जुजुत्सू या जुन्या निःशस्त्र युद्धविद्येतील निवडक डाव घेऊन त्यांनी त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि १८८२ मध्ये टोकियो येथे कोदोकान ही संस्था स्थापन केली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे ते पहिले आशियाई सदस्य होत. जपानचा ऑलिंपिक स्पर्धांतील प्रवेश त्यांच्याच पुढाकाराने झाला.

ज्यूदो आज जगभर स्पर्धात्मक खेळ म्हणून ओळखला जातो. कानो यांच्या दृष्टीने मात्र तो प्रथम शिक्षणाचा एक मार्ग होता आणि स्पर्धा हे त्या शिक्षणाचे एक साधन होते. स्पर्धा सुरक्षित व्हावी यासाठी त्यांनी नियम घडवले. त्याच वेळी विजयालाच सर्वस्व मानण्याच्या वृत्तीला त्यांचा विरोध होता. ज्यूदोच्या पुढील इतिहासात हा पेच वारंवार उद्भवलेला दिसतो.

बालपण व शिक्षण

कानो यांचा जन्म सध्याच्या कोबे शहराजवळील मिकागे या गावी झाला. हा परिसर साके या तांदळापासून बनवल्या जाणाऱ्या मद्याच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून कानो घराणे याच व्यवसायातील होते. वडील जिरोसाकू हे दत्तकविधानाने या घराण्यात आले होते. त्यांनी मद्यनिर्मितीऐवजी जहाजवाहतुकीच्या व्यवहारात व सरकारी कामांत लक्ष घातले. मुलांच्या शिक्षणाविषयी ते विशेष आग्रही होते. कानो नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे, सादाको यांचे, निधन झाले. त्यानंतर वडिलांनी त्यांना शिक्षणासाठी टोकियोला नेले.

१८६८ च्या मेइजी पुनःस्थापनेनंतर जपानमध्ये पाश्चात्त्य शिक्षणाचे वारे वाहू लागले होते. कानो यांनी चिनी अभिजात ग्रंथांबरोबरच इंग्रजीचाही अभ्यास केला. पुढे ते परदेशी शिक्षक असलेल्या एका निवासी शाळेत दाखल झाले. अभ्यासात ते हुशार होते, परंतु शरीराने लहानखुरे होते. प्रौढ वयातही त्यांची उंची सुमारे ५ फूट २ इंच होती. शाळेतील धटिंगण मुले त्यांना त्रास देत. दुबळ्या माणसालाही बलवानाचा सामना करता येतो असे जुजुत्सूविषयी त्यांच्या कानांवर आले होते. ही विद्या शिकण्याची त्यांनी वारंवार इच्छा व्यक्त केली. घरी येणाऱ्या परिचितांपैकी काहींना ती येत होती. पण आधुनिक काळात तिचा काही उपयोग नाही असे सांगून त्यांनी कानो यांना परावृत्त केले.

१८७७ मध्ये स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात कानो यांनी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास केला. अमेरिकन विचारवंत अर्नेस्ट फेनोलोसा हे तेथे त्यांचे एक अध्यापक होते. १८८१ मध्ये ते पदवीधर झाले.

जुजुत्सूचे अध्ययन

सामुराई वर्गाचे विशेषाधिकार संपुष्टात आल्यावर जुजुत्सूच्या परंपरागत शाळांचा आश्रय तुटला. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि जुन्या युद्धविद्या कालबाह्य समजल्या जाऊ लागल्या. जुजुत्सूचे अनेक आचार्य हाडवैद्याचा व्यवसाय करून उदरनिर्वाह करीत. ही गोष्ट ध्यानात घेऊन कानो यांनी शहरातील हाडवैद्यांकडे चौकशी सुरू केली. त्यांपैकी एकाच्या सांगण्यावरून १८७७ मध्ये ते फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे गेले.

फुकुदा हे तेन्जिन शिन्यो-र्यू या परंपरेचे आचार्य होते. त्यांची शिकवण्याची पद्धत जुन्या वळणाची होती. एखाद्या डावात हात कोठे असावा किंवा पाय कसा टाकावा असे कानो यांनी विचारले, की उत्तरादाखल ते त्यांना पुन्हा पुन्हा उचलून आपटत. डाव शरीराने शिकावा, शब्दांनी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. या तालमीचे महत्त्व कानो यांनी नाकारले नाही. तथापि प्रत्येक डावामागील कारण शोधण्याची सवय त्यांनी सोडली नाही. तालमीतील एका वजनदार ज्येष्ठ विद्यार्थ्याला पाडणे त्यांना जमत नव्हते. तेव्हा त्यांनी सुमो कुस्तीतील पेच पाहिले आणि पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकही धुंडाळले. प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवे घेऊन फेकण्याचा जो डाव पुढे काता-गुरुमा या नावाने प्रसिद्ध झाला, तो या शोधातून त्यांच्या हाती आला.

ऑगस्ट १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानला आले असता त्यांच्यासमोर जुजुत्सूची प्रात्यक्षिके झाली. त्यांत फुकुदा व कानो यांचा सहभाग होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा यांचे निधन झाले. कानो यांनी त्याच परंपरेतील इसो मासातोमो यांच्याकडे शिक्षण चालू ठेवले. १८८१ मध्ये इसोही निवर्तले. मग कानो कितो-र्यू परंपरेचे आचार्य इइकुबो त्सुनेतोशी यांचे शिष्य झाले. पहिल्या परंपरेत गळा आवळणे, जखडून ठेवणे व आघात करणे यांवर भर होता, तर कितो-र्यूमध्ये फेकीचे डाव प्रमुख होते. या दोन्हींचा संगम पुढे ज्यूदोत झाला.

इइकुबो यांच्याबरोबर सराव करताना कानो यांना एक महत्त्वाचे तत्त्व उमगले. फेक यशस्वी होण्यासाठी प्रथम प्रतिस्पर्ध्याचा तोल ढळवावा लागतो आणि त्यानंतरच डाव टाकावा लागतो. तोल ढळवण्याच्या या क्रियेला कुझुशी म्हणतात. हे तत्त्व अवगत झाल्यावर कानो आपल्या गुरूंनाही सहज फेकू लागले, तर गुरूंचे डाव त्यांच्यावर चालेनासे झाले. १८८३ मध्ये त्यांना कितो-र्यूची अधिकृत सनद मिळाली.

कोदोकानची स्थापना

१८८२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी कानो यांनी टोकियोच्या शिताया भागातील एइशोजी या बौद्ध मंदिरात काही खोल्या भाड्याने घेतल्या आणि तेथे आपली तालीम सुरू केली. तालमीची जागा अवघ्या १२ तातामी, म्हणजे गवती चटया, मावतील एवढी होती. पहिल्या वर्षी नऊ विद्यार्थी दाखल झाले. सरावाच्या धक्क्यांनी मंदिराची जमीन खचू लागली आणि देव्हाऱ्यातील पूर्वजांच्या स्मृतिपट्ट्या खाली पडू लागल्या, तेव्हा मंदिराच्या पुरोहितांनी तक्रार केली. कानो व त्यांचे विद्यार्थी रात्री जमिनीखाली शिरून तुळयांना टेकू देत असत. त्याच वर्षी कानो गाकुशुइन या उमरावांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेत अध्यापक झाले होते. तालमीचा आणि तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा खर्च ते आपल्या वेतनातून करीत; तेवढ्याने भागत नसल्याने रात्री भाषांतराची कामेही घेत.

आपल्या संस्थेला त्यांनी कोदोकान असे नाव दिले. मार्गाचे अध्ययन करण्याचे स्थान असा त्याचा अर्थ आहे. जुजुत्सू या शब्दातील जुत्सू म्हणजे कौशल्य किंवा विद्या. त्याऐवजी कानो यांनी दो, म्हणजे मार्ग, हा शब्द योजला. जु म्हणजे मृदुता अथवा नमते घेण्याचा गुण. प्रतिस्पर्ध्याच्या बळाला बळाने विरोध न करता त्याच बळाचा उपयोग करून त्याला पाडावे, हा या नावामागील आशय होय. ज्यूदो हा शब्द एका जुन्या परंपरेत पूर्वी वापरला गेला होता. त्यामुळे आपली पद्धत वेगळी ओळखता यावी म्हणून कानो तिला कोदोकान ज्यूदो म्हणत.

प्रारंभीच्या शिष्यांपैकी साइगो शिरो, तोमिता त्सुनेजिरो, यामाशिता योशित्सुगु व योकोयामा साकुजिरो हे चौघे कोदोकानचे आधारस्तंभ मानले जातात. १८८० च्या दशकाच्या मध्यास टोकियो पोलीस दलाच्या आश्रयाने झालेल्या लढतींत कोदोकानच्या मल्लांनी जुजुत्सूच्या जुन्या शाळांतील मल्लांवर मात केली. त्यामुळे संस्थेची कीर्ती वाढली आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात ज्यूदोला स्थान मिळाले. साइगो यांच्या जीवनावर आधारलेली सुगाता सानशिरो ही कादंबरी तोमिता यांच्या मुलाने लिहिली. अकिरा कुरोसावा यांचा १९४३ मधील पहिला चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला आहे. १८८६ मध्ये कोदोकानची जागा ४० चटयांची झाली, तर १९३३-३४ मध्ये उभारलेल्या नव्या वास्तूत ५१० चटयांची तालीम होती.

ज्यूदोची रचना

कानो यांनी ज्यूदोतील डावांचे तीन गट केले. उभ्याने प्रतिस्पर्ध्याला फेकण्याचे डाव पहिल्या गटात येतात. जमिनीवर जखडणे, गळा आवळणे व सांध्यावर दाब देणे हे दुसऱ्या गटात येतात. हातापायांनी आघात करण्याचे डाव तिसऱ्या गटात मोडतात. सरावाचेही दोन प्रमुख प्रकार ठरवण्यात आले. रांदोरी म्हणजे मोकळा सराव. त्यात दोघे परस्परांवर हवे ते डाव टाकू शकतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करावयाचा सराव. आघातासारखे धोकादायक डाव रांदोरीतून वगळून केवळ कातामध्ये ठेवण्यात आले. या एका निर्णयामुळे पूर्ण ताकदीनिशी, पण इजा न होता लढणे शक्य झाले. स्पर्धात्मक ज्यूदोचा पाया याच निर्णयात आहे.

सुरक्षित पडण्याच्या तंत्राला, म्हणजे उकेमीला, कानो यांनी अभ्यासक्रमात आरंभीचे स्थान दिले. पडताना हाताने चटईवर थाप मारून आघात विभागणे आणि डोके वर उचलून धरणे हे नवशिक्याला प्रथम शिकवले जाते. १८९५ मध्ये फेकीचे ४२ डाव अवघडपणाच्या क्रमाने पाच गटांत मांडण्यात आले. १९२० मध्ये ही मांडणी सुधारून त्यांत ४० डाव ठेवण्यात आले.

जुन्या परंपरांत शिष्याच्या प्रगतीचे टप्पे मोजकेच असत आणि सनद मिळण्यास अनेक वर्षे लागत. कानो यांनी गो या पटावरील खेळात रूढ असलेली दान ही श्रेणीपद्धती स्वीकारली. १८८३ मध्ये तोमिता व साइगो यांना पहिली श्रेणी देण्यात आली. पुढे श्रेणीधारकांसाठी काळा पट्टा वापरण्याची प्रथा पडली. कराटेसह अनेक युद्धकलांनी ही पद्धत नंतर उचलली.

स्पर्धा व नियम

कोदोकानमध्ये १८८४ पासून लाल-पांढरी लढत व मासिक स्पर्धा होऊ लागल्या. लाल-पांढऱ्या लढतीत विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडले जात. जिंकणारा खेळाडू चटईवर टिकून राही आणि विरुद्ध संघातील पुढील खेळाडूशी लढे. या लढतींतील कामगिरीवरून श्रेणी ठरत असे.

१८९५ मध्ये क्योतो येथे दाइ निप्पोन बुतोकु काइ ही युद्धकलांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. विविध शाळांच्या मल्लांना एकमेकांशी लढता यावे यासाठी समान नियमांची गरज होती. कानो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १८९९ मध्ये असे नियम तयार केले. बोटे, मनगट व घोटा यांवरील पकडींना त्यात मनाई होती. पुढे सांध्यांवरील पकडी कोपरापुरत्या मर्यादित झाल्या.

ज्यूदोतील निर्णायक विजयाला इप्पोन म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि नियंत्रण राखून पाठीवर फेकल्यास इप्पोन मिळतो. ही कल्पना कुस्तीतील चीतपटीची आठवण करून देणारी आहे. मात्र केवळ पाठ टेकणे पुरेसे नसून फेकीचा दर्जाही पाहिला जातो. प्रतिस्पर्ध्याला ठरावीक काळ जमिनीवर जखडून ठेवल्यास किंवा गळ्यावरील अथवा कोपरावरील पकडीने त्याला हार मानावयास लावल्यासही इप्पोन मिळतो. जखडण्याचा हा काळ पूर्वी ३० सेकंद होता, तो सध्या २० सेकंद आहे. इप्पोनपेक्षा कमी प्रतीच्या डावास वाझा-आरी देतात. दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन होतो. हार मान्य करणारा खेळाडू चटईवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर हाताने दोनदा थाप मारतो आणि त्याच क्षणी पकड सोडली जाते. पूर्ण झुंज आणि पूर्ण सुरक्षितता यांचा मेळ या साध्या संकेतात दिसतो.

नियमांमुळे खेळाचे स्वरूप बदलते याचा अनुभव कानो यांना हयातीतच आला. १९१४ पासून उच्च माध्यमिक व तंत्र विद्यालयांच्या आंतरशालेय स्पर्धा क्योतो येथे होऊ लागल्या. जमिनीवरील पकडी तुलनेने लवकर आत्मसात करता येतात आणि त्यांच्या साहाय्याने बलाढ्य खेळाडूलाही बरोबरीत रोखता येते, हे तेथील विद्यार्थ्यांनी हेरले. उभ्याने न लढता लगेच जमिनीवर बसण्याकडे त्यांचा कल वाढला. कानो यांना हा कल एकांगी वाटला. १९२५ मध्ये कोदोकानच्या नियमांत बदल करून थेट जमिनीवर जाण्यावर बंधने घालण्यात आली. आंतरशालेय स्पर्धा मात्र आपल्या जुन्या नियमांनुसार चालू राहिल्या.

शिक्षणक्षेत्रातील कार्य

कानो यांचा मुख्य व्यवसाय अध्यापनाचा व शैक्षणिक प्रशासनाचा होता. मे १८८९ मध्ये जपानच्या शिक्षण संघटनेपुढे त्यांनी ज्यूदोच्या शैक्षणिक मूल्यावर व्याख्यान दिले. शिक्षणमंत्री एनोमोतो ताकेआकी त्या वेळी उपस्थित होते. शारीरिक शिक्षण, लढतीचे कौशल्य आणि चारित्र्याची जडणघडण ही ज्यूदोची तीन अंगे त्यांनी या व्याख्यानात मांडली. त्याच वर्षी सरकारने त्यांना युरोपातील शिक्षणसंस्थांच्या पाहणीसाठी पाठवले. १८९१ मध्ये ते मायदेशी परतले.

त्यानंतर त्यांची कुमामोतो येथील पाचव्या उच्च विद्यालयाच्या मुख्याध्यापकपदी नेमणूक झाली. लेखक लाफ्कादिओ हर्न हे त्या काळात तेथे अध्यापक होते. हर्न यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे या विद्येची ओळख इंग्रजी वाचकांना झाली. १८९३ पासून १९२० पर्यंत, काही खंड वगळता, कानो टोकियो उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते. जपानमधील माध्यमिक शिक्षकांच्या पिढ्या या संस्थेतून तयार झाल्या. तेथे त्यांनी ज्यूदोबरोबरच पोहणे व लांब पल्ल्याचे धावणे यांनाही उत्तेजन दिले. पुढे विख्यात कादंबरीकार म्हणून मान्यता पावलेले नात्सुमे सोसेकी यांना त्यांनी याच विद्यालयात इंग्रजीचे अध्यापक म्हणून नेमले होते. १९११ मध्ये माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात ज्यूदो व केंदो यांना अधिकृत प्रवेश मिळाला.

१८९६ मध्ये चीनमधून शिक्षणासाठी आलेल्या १३ विद्यार्थ्यांची जबाबदारी कानो यांच्यावर सोपवण्यात आली. त्यातूनच चिनी विद्यार्थ्यांसाठी कोबुन गाकुइन ही संस्था उभी राहिली. १९०९ मध्ये ती बंद होईपर्यंत हजारो चिनी विद्यार्थ्यांनी तेथे प्रवेश घेतला. आधुनिक चिनी साहित्याचे अध्वर्यू लू शुन हे त्यांपैकी एक होत.

ऑलिंपिक चळवळ

आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक प्येर द कुबर्तँ आशियातून प्रतिनिधी शोधत होते. जपानमधील फ्रेंच राजदूतांमार्फत कानो यांच्याकडे विचारणा झाली आणि १९०९ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवड झाली. खेळाडू निवडून पाठवणारी कोणतीही राष्ट्रीय संघटना त्या वेळी जपानमध्ये नव्हती. म्हणून १९११ मध्ये त्यांनी जपान हौशी क्रीडा संघटना स्थापन केली आणि तिचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानतर्फे दोनच खेळाडू सहभागी झाले. मिशिमा याहिको हे कमी अंतराच्या शर्यतींत धावले, तर कानो यांचे विद्यार्थी कानाकुरी शिझो मॅरेथॉनमध्ये उतरले. तीव्र उन्हामुळे कानाकुरी यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पदक न मिळताही या सहभागाने जपानमधील आधुनिक क्रीडाचळवळीचा आरंभ झाला. पुढे १९२० मध्ये अँटवर्प येथे जपानने टेनिसमध्ये आपली पहिली पदके मिळवली.

ज्यूदोचा प्रसार व तत्त्वज्ञान

कोदोकानचे शिष्य विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगभर गेले. यामाशिता योशित्सुगु यांनी १९०४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना धडे दिले. माएदा मित्सुयो ब्राझीलमध्ये स्थायिक झाले. त्यांच्याकडून ग्रेसी कुटुंबाने घेतलेल्या शिक्षणातून ब्राझिलियन जिउ-जित्सू हा स्वतंत्र प्रकार विकसित झाला. लंडनमध्ये कोइझुमी गुन्जी यांनी १९१८ मध्ये बुदोक्वाइ ही संस्था सुरू केली. १९२० मध्ये कानो यांनी तिला भेट दिली, त्यानंतर कोइझुमी यांनी जुजुत्सू सोडून कोदोकान ज्यूदोचा स्वीकार केला. भारतात १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून कोदोकानचे ताकागाकी शिन्झो शांतिनिकेतनात ज्यूदो शिकवण्यास आले.

१९२२ मध्ये कानो यांनी कोदोकान सांस्कृतिक संघ स्थापन केला आणि आपल्या विचारांचे सार दोन तत्त्वांत मांडले. सेइर्योकु झेन्यो म्हणजे शारीरिक व मानसिक शक्तीचा सर्वोत्तम विनियोग. जिता क्योएइ म्हणजे स्वतःचा व इतरांचा एकत्रित उत्कर्ष. सरावासाठी जोडीदार लागतोच आणि त्याला इजा झाली तर आपलाही सराव थांबतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याची काळजी घेणे हे दुसऱ्या तत्त्वाचे प्रत्यक्ष रूप ठरते. लढतीच्या आधी व नंतर वाकून केले जाणारे अभिवादन याच भावनेचे द्योतक आहे. १९२२ मध्येच ते जपानच्या संसदेतील उमरावांच्या सभागृहाचे सदस्य झाले.

कानो यांनी स्त्रियांनाही ज्यूदो शिकवला. १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. मात्र त्या विभागात काता व नियंत्रित सरावावर भर होता. स्त्रियांच्या स्पर्धांना कोदोकानची अनुमती नव्हती. कानो यांचे पहिले गुरू फुकुदा यांची नात फुकुदा केइको या १९३५ मध्ये या विभागात दाखल झाल्या. पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

१९४० चे ऑलिंपिक व निधन

१९३० च्या दशकात टोकियोने १९४० च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी प्रयत्न सुरू केले. सत्तरी ओलांडलेले कानो या प्रयत्नांचे प्रमुख प्रतिनिधी होते. ऑलिंपिक चळवळ खऱ्या अर्थाने जागतिक व्हावयाची असेल, तर स्पर्धा युरोप-अमेरिकेबाहेरही भरल्या पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ३१ जुलै १९३६ रोजी बर्लिन येथे झालेल्या मतदानात टोकियोने हेलसिंकीचा ३६ विरुद्ध २७ मतांनी पराभव केला.

इतक्या प्रयासाने मिळवलेल्या ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा समावेश व्हावा असा आग्रह मात्र कानो यांनी धरला नाही. इतर सदस्य देशांची तशी इच्छा असल्यास त्यांची हरकत नव्हती, परंतु स्वतःहून प्रस्ताव मांडण्यास ते उत्सुक नव्हते. ज्यूदो हा केवळ खेळ नसून जीवनाचे तत्त्व आहे, अशी त्यांची भूमिका होती. राष्ट्राभिमानाच्या चुरशीत त्याचे मूळ प्रयोजन झाकले जाईल, अशी त्यांना शंका वाटत असे.

जुलै १९३७ मध्ये जपान व चीन यांच्यात युद्ध भडकले आणि टोकियोकडून यजमानपद काढून घेण्याची मागणी होऊ लागली. मार्च १९३८ मध्ये कैरो येथे भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात कानो यांनी जपानची बाजू मांडली आणि यजमानपद कायम राहिले. तेथून अमेरिकामार्गे परतताना ते व्हँकुव्हर येथे हिकावा मारू या जहाजावर चढले. प्रवासात त्यांना न्यूमोनिया झाला. ४ मे १९३८ रोजी, जहाज योकोहामा बंदरात पोहोचण्यास दोन दिवस उरले असताना, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, जुलै १९३८ मध्ये, जपान सरकारने ऑलिंपिकचे यजमानपद सोडून दिले. हिकावा मारू हे जहाज आज योकोहामा येथे संग्रहालयाच्या रूपात जतन केलेले आहे. कानो यांची समाधी चिबा प्रांतातील मात्सुदो येथे आहे.

वैयक्तिक जीवन

१८९१ मध्ये कानो यांचा विवाह ताकेझोए सुमाको यांच्याशी झाला. सुमाको या कोरियातील जपानचे माजी राजनैतिक प्रतिनिधी ताकेझोए शिनइचिरो यांच्या कन्या होत्या. कानो यांच्यानंतर कोदोकानचे अध्यक्षपद त्यांचे भाचे नांगो जिरो यांच्याकडे गेले. १९४६ मध्ये कानो यांचे पुत्र रिसेइ अध्यक्ष झाले.

निधनोत्तर काळातील ज्यूदो

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने जपानी शाळांत युद्धकलांच्या शिक्षणावर बंदी घातली. १९५० मध्ये शालेय ज्यूदोवरील बंदी उठली. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघ स्थापन झाला आणि पुढील वर्षी रिसेइ कानो त्याचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा टोकियो येथे झाली. आरंभीच्या या स्पर्धांत वजनगट नव्हते.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला. या लढतींसाठी निप्पोन बुदोकान हे सभागृह बांधण्यात आले. चार गटांपैकी तीन गटांत जपानने सुवर्णपदके मिळवली. परंतु वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सचे अँटॉन गेसिंक यांनी कामिनागा आकिओ यांना जखडून पराभूत केले. विजयाच्या आनंदात गेसिंक यांचे देशबांधव चटईकडे धावले, तेव्हा गेसिंक यांनी हात उंचावून त्यांना थांबवले आणि रीतीनुसार अभिवादन पूर्ण केले. जपानी प्रेक्षकांना पराभवाचा धक्का बसला, तरी एका परदेशी खेळाडूने ज्यूदोचे तंत्र व शिष्टाचार दोन्ही आत्मसात केल्याचे त्या प्रसंगी जगाने पाहिले.

१९६८ चा अपवाद वगळता ज्यूदो तेव्हापासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळला जात आहे. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे झाली आणि १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये त्यांचा अधिकृत समावेश झाला. सध्या ऑलिंपिकमध्ये पुरुष व स्त्रिया यांचे प्रत्येकी सात वजनगट असतात. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकपासून मिश्र सांघिक स्पर्धाही घेतली जाते.

स्पर्धेच्या गरजांनुसार नियम बदलत गेले. प्रेक्षकांना व पंचांना खेळाडू ओळखता यावेत म्हणून एका खेळाडूने पांढऱ्याऐवजी निळा पोशाख घालण्याची पद्धत रूढ झाली. २०१० पासून पाय हाताने पकडण्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यास पूर्ण मनाई झाली. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला खांद्यांवर घेण्याचा काता-गुरुमा हा डाव मूळ रूपात या स्पर्धांतून बाद झाला. कानो यांनी विद्यार्थिदशेत शोधलेला हा डाव आज मुख्यतः कातामध्ये शिकवला जातो.

वारसा

कानो यांनी आरंभ केला तेव्हा जुजुत्सू ही लोप पावत चाललेली विद्या होती. धोकादायक भाग वेगळा काढणे, शिकवण्याचा क्रम लावणे, श्रेणी ठरवणे आणि समान नियम करणे या चार गोष्टींमुळे ती शाळेत शिकवता येईल व कोणत्याही देशात खेळता येईल असे रूप त्यांनी तिला दिले. केंदो, कराटे व आइकिदो यांच्या आधुनिक मांडणीवरही या कार्याचा प्रभाव पडला. ज्यूदोचा जगभर प्रसार होण्यात स्पर्धेचा मोठा वाटा आहे. त्याचबरोबर पदकांची चुरस आणि शिक्षणाचे मूळ उद्दिष्ट यांत समतोल कसा राखावा, हा कानो यांनी उपस्थित केलेला प्रश्न ज्यूदोच्या शिक्षकांपुढे व संघटकांपुढे आजही कायम आहे.